इकॉनॉमी जोरात, प्रेसिडेंट नावडता: तुमच्या आसपास लोकांनी मत कशावर दिलं?

अमेरिकेतल्या मंडळींनो, लिहा जरा. दर चार वर्षांनी टीव्हीवर तेच ऐकतो, इकॉनॉमी चांगली असली की लोक नाक मुरडत का होईना पण आहे त्यालाच परत निवडून देतात. खरंच? थिअरी नको, घरातलं, ऑफिसातलं सांगा. सुरुवात मीच करते.

एडिसन, न्यू जर्सी. फेब्रुवारी २०२०. बेकारी ३.५ टक्के, पन्नास वर्षांत एवढी कमी नव्हती, लंचरूममध्ये सगळे मोबाईलवर ४०१के (रिटायरमेंटची शेअरबाजारातली बचत) बघून खुश. गॅलपच्या पोलमध्ये ट्रम्प यांची पसंती पहिल्या टर्ममध्ये एकदाही ५० टक्क्यांवर गेली नाही, माझ्या बॉसला तर ते डोळ्यासमोर नको असायचे, तरी म्हणायचा की रिटायरमेंटला सहा वर्षं राहिलीत, चालत्या गाडीतून मी कशाला उतरू. मग एप्रिलमध्ये बेकारी १४ च्या वर. शेजारच्या आजींना सरकारी मदतीचा बाराशे डॉलरचा कागदी चेक आला, त्यावर ट्रम्प यांचं नाव, आजी दारातूनच दाखवत होत्या, "बघ, सही नाहीये, नुसतं नाव छापलंय." चेक वटवला, मत दुसऱ्याला. पण यावरून काय ठरवणार, करोनाने परीक्षाच कॅन्सल केली ना.

---

डेट्रॉइटजवळ, १९७९ पासून. तुम्ही मुलं रेगन विसरता. १९८२ च्या शेवटी देशात बेकारी १०.८ टक्के आणि मिशिगनमध्ये त्याहून वाईट, आमच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये शुक्रवारी दुपारी तीन वाजले की कोणी मान वर करायचं नाही, कारण सुपरवायझर लिफाफे घेऊन त्याच वेळेला यायचा. जानेवारी १९८३ मध्ये रेगन यांची पसंती ३५ टक्के. माझ्या बाजूच्या टेबलवरचा युनियनवाला त्यांचं नाव शिवीशिवाय घ्यायचा नाही. ८४ मध्ये त्यालाच परत कामावर बोलावलं, ओव्हरटाइम सुरू झाला, आणि त्याने मत दिलं रेगनना! ४९ राज्यं जिंकले ते. गंमत म्हणजे निवडणुकीच्या महिन्यात बेकारी ७.२ होती, म्हणजे काही फार कमी नव्हती, पण उतरत होती आणि ते दिसत होतं.

---

काका, भारी! आणि थोरल्या बुशचं बरोब्बर उलटं झालं. मी तेव्हा ओहायोत एमएस करत होतो. आखाती युद्धानंतर ८९ टक्के पसंती, मंदी कागदावर मार्च १९९१ लाच संपली, पण जून ९२ मध्ये बेकारी ७.८ आणि कॅम्पस इंटरव्ह्यूला कंपन्याच येईनात. रूममेटने ऐंशी रेझ्युमे पोस्टाने पाठवले, तिकिटांचा खर्च वहीत लिहून ठेवायचा. त्याला जर कोणी सांगितलं असतं की मंदी संपली तर त्याने ती वही फेकून मारली असती. क्लिंटन आले.

---

ऑस्टिन. एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, चौदा वर्षं टॅक्स भरतोय, मत नाही. इकॉनॉमी आमच्यावर चालते, निवडणूक तुमच्यावर. चालू द्या.

---

पुण्यातून. २००४ चं 'इंडिया शायनिंग' आठवतंय का कोणाला? तिथे तर वाजपेयी स्वतः लोकप्रिय होते तरी सरकार गेलं.

---

अटलांटा. मी जरा सविस्तर लिहिते कारण आमच्या घरात यावर दोन महिने भांडण चालू होतं. नवरा बायडनवाला, एक्सेल उघडून बसायचा. बेकारी २०२३ मध्ये ३.४, महागाई जून २०२२ ला ९.१ होती ती बघ कशी खाली आली. मी म्हटलं अरे महागाई कमी झाली म्हणजे वाढायचा वेग कमी झाला, भाव कुठे खाली आले? इंडियन स्टोअरमधली वीस पौंडाची कणकेची पिशवी आधी दहा डॉलरला आणायचो, ती सोळाला गेली आणि तिथेच बसली. आणि घर! दिराने २०२१ मध्ये तीन टक्क्यांच्या आत लोन घेतलं, आम्ही 'थोडं थांबू' म्हणत थांबलो ते २०२३ च्या ऑक्टोबरात रेट आठला टेकेपर्यंत. सासूबाई बिचाऱ्या म्हणायच्या, पगार वाढला ना रे तुमचा? वाढला होता. पण पगारवाढ आपली मेहनत वाटते आणि भाववाढ सरकारची चूक, हे मी माझ्यावरूनच सांगते.

शेवटी बायडननी २१ जुलै २०२४ ला माघारच घेतली, म्हणजे परीक्षेला बसलेच नाहीत, आणि पेपर त्यांच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांना द्यावा लागला. नुसती महागाईच नडली असं नाही हं, वयाचा मुद्दा होताच, बॉर्डरचा होता. पण जॉर्जिया २०२० ला बायडनकडे गेलं होतं ते २०२४ ला ट्रम्पकडे.

२०२२ च्या उन्हाळ्यात गॅस, म्हणजे पेट्रोल, गॅलनला पाच डॉलरच्या वर होता देशभर, तेव्हा आमच्या कोपऱ्यावरच्या पंपावर बायडनचा तो स्टिकर होता, आकड्याकडे बोट दाखवून 'हे मी केलं' म्हणणारा. नंतर गॅस तीनच्या आसपास उतरला तेव्हा पंपवाल्याने तो खरवडला. नीट निघाला नाही. बोट राहिलं.