भुसावळचा मे आणि लॅब्रॅडॉर: केस कापावेत का?

प्रश्न (भुसावळ): पारा 45 च्या वर गेलाय. 4 वर्षांचा लॅब दुपारभर धापा टाकतो, खाणं निम्म्यावर आलंय. केस बारीक कापून टाकू का?

उत्तर (चोपडा): कापू नका भाऊ, उन्हापासून कातडी तेच वाचवतात. रोज विंचरून गळालेले तेवढे काढा. फिरवणं सकाळी साडेसहाच्या आत. संध्याकाळी आधी डांबरावर तळहात 7 सेकंद ठेवून बघा. सोसवला नाही तर त्याचेही पंजे भाजतील. जेवण रात्री द्या, दुपारी भूक मंदावतेच.

उत्तर (शिरपूर): धापा वेगळ्या, ऊन लागणं वेगळं. चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या दिसल्या की लगेच पोटावर, काखेत, जांघेत पाणी ओता आणि पंखा लावा. पाणी माठातलं घ्या, गच्चीवरच्या टाकीचं दुपारी कढत असतं! ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, आत वाफ कोंडते. गुदद्वारात थर्मामीटर लावून 103 फॅरनहाइट दिसलं की ओतणं थांबवा, नाहीतर अंग फार गार पडतं. मग दवाखाना, तो उठून बसला तरी. माणसांची तापाची गोळी अजिबात नको.

उत्तर (चोपडा): कूलर असेल तर खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत नुसता दमटपणा वाढतो, धापांनी अंग निवत नाही.