मदत हवी आहे : दारिद्र्यरेषा आणि रेशनची उत्पन्नमर्यादा यांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी दारिद्र्यमापनावर एक टिपण तयार करत आहे. त्यातील दोन आकडे एकमेकांशी जुळत नसल्यामुळे जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

इतिहासाबद्दल शंका नाही. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये २,२५० उष्मांकांच्या आधारे गरिबीचा हिशेब मांडला, १९७९ च्या अलघ कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांक धरले, आणि २००९ मध्ये तेंडुलकर समितीने केवळ उष्मांकांवर न थांबता शिक्षण व आरोग्यावरील खर्चही विचारात घेतला. तेंडुलकर पद्धतीनुसार २०११-१२ साली ग्रामीण महाराष्ट्राची रेषा दरडोई दरमहा ९६७ रुपये होती आणि सुमारे २४ टक्के ग्रामीण लोक तिच्याखाली होते.

पाच जणांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला ५८,०२० रुपये होते. उलट, अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबासाठी (म्हणजे रेशनवरील स्वस्त धान्याला पात्र कुटुंबासाठी) राज्याने ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा घातली. मर्यादा रेषेहून इतकी खाली असेल, तर लाभार्थी २४ टक्क्यांहून कमी निघायला हवेत. प्रत्यक्षात कायद्याचे लाभक्षेत्र ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आहे. हे कसे? शिवाय, ९६७ ला सरळ पाचाने गुणणे तरी योग्य आहे का?

प्रतिसाद १ :
आपण दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करत आहात. रेषा खर्चावर आधारलेली आहे, मर्यादा उत्पन्नावर. घरच्या शेतातली ज्वारी खाल्ली, तरी नमुना पाहणीत तिची किंमत उपभोगखर्चात धरली जाते, आणि कर्ज काढून केलेला खर्चही खर्चच ठरतो. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यात यातले क्वचितच काही उमटते. (दाखल्यावरील उत्पन्न आणि खरे उत्पन्न यांत किती अंतर असते, हे गावाकडच्या कोणालाही विचारावे!) दुसरे असे की, पाहणी गरीब किती आहेत हे सांगते, कोण आहेत हे सांगत नाही.

७६.३२ टक्के हा आकडा तर मर्यादेतून निघालेलाच नाही. ग्रामीण ७५ आणि शहरी ५० टक्के हे देशपातळीवरील प्रमाण २०१३ च्या कायद्यानेच ठरवले, २०११-१२ च्या खर्च पाहणीवरून ते राज्यांत विभागले गेले, आणि त्यावरून राज्याचा इष्टांक (लाभार्थ्यांची कमाल ठरीव संख्या) ठरला. उत्पन्नमर्यादा ही त्या इष्टांकात नावे बसवण्यासाठीची चाळणी आहे. म्हणून पुरवठा खात्यात "इष्टांक शिल्लक नाही" हे उत्तर पात्र कुटुंबालाही मिळू शकते.

पाचाने गुणण्याबाबत : नियोजन आयोगानेही देशपातळीवरील ग्रामीण रेषेला (८१६ रुपये) असेच गुणून ४,०८० रुपये सांगितले होते. मात्र त्यात तान्हे मूल आणि राबणारा माणूस सारखेच मोजले जातात. युरोपीय संघाच्या आकडेवारीत पहिल्या प्रौढाला १, चौदा वर्षे वा त्यावरील इतर प्रत्येकाला ०.५ आणि त्याहून लहान मुलाला ०.३ असे भारांक असतात. त्यामुळे पाच प्रौढांचे घर ३ एककांचे, तर आई-वडील व तीन लहान मुलांचे घर २.४ एककांचे ठरते.

मूळ प्रश्नकर्ता :
आभारी आहे. मग नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक तिसरा स्तंभ म्हणून द्यावा का? त्यात महाराष्ट्रातील प्रमाण २०१५-१६ मधील १४.८ वरून २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आलेले दिसते.

प्रतिसाद २ :
द्यावा, पण स्वतंत्र तक्त्यात. तिथे रुपये नाहीतच. पोषण, शालेय वर्षे, स्वयंपाकाचे इंधन, बँक खाते असे बारा निर्देशक आहेत, आणि एकच सदस्य कुपोषित आढळला तरी पोषणाच्या बाबतीत सगळे घर वंचित धरले जाते. तेंडुलकरांच्या १७.४ टक्क्यांशेजारी (२०११-१२, संपूर्ण महाराष्ट्र) ७.८१ ठेवल्यास विद्यार्थी दोन्हींची वजाबाकी करतील, आणि त्या वजाबाकीला काहीही अर्थ नसेल.