बागवाले ग्रुप : वीतभर आमरीला (ऑर्किडला) मोठी कुंडी नको

ए-२०३ : नमस्कार मंडळी. वाढदिवसाला ऑर्किड मिळालंय, झाड वीतभरसुद्धा नाही. फुलं गळून गेली. मोठ्या कुंडीत लाल माती आणि शेणखत घालून लावू का?

सी-५०१ काकू : थांबा, माती अजिबात नको. फोटोवरून हे मिनी फॅलेनॉप्सिस, म्हणजे ऑर्किडचा एक छोटा प्रकार, दिसतंय. यातल्या बऱ्याच संकरांच्या मागे फिलिपिन्सची इक्वेस्ट्रिस ही छोटी जात आहे. ती तिकडे झाडाच्या सालीला धरून वाढते, मुळं उघडी, वाऱ्यावर. मातीत मुळांना हवा मिळत नाही, कुजतात.

बी-१०४ : आमच्या सासूबाई नारळाच्या सोडणात लावतात. छान येतं हो.

सी-५०१ काकू : येतं की. पण सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, त्यात क्षार असतात. आणि पावसाळ्यात ते लवकर सुकत नाही, म्हणून मी निम्मा लाकडी कोळसा मिसळते. कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या. खाली-बाजूला भोकं पाडलेला पारदर्शक डबा सगळ्यात बरा, आत काय चाललंय ते दिसतं.

ए-२०३ : पाणी रोज घालायचं का?

सी-५०१ काकू : वार ठरवून नाही, मुळं बघून. कोरडं मूळ चंदेरी दिसतं. पाणी पडलं की डोळ्यांदेखत हिरवं होतं, कारण त्यावरचं जाडसर आवरण पाणी शोषून घेतं. चंदेरी दिसलं तर घाला, हिरवं असेल तर हात लावू नका. छोटी कुंडी मे महिन्यात पटकन सुकते, तेव्हा रोजही लागेल. जुलैत कधी कधी आठवडाभर नको. मधल्या पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर कापसाने टिपून घ्या, नाहीतर शेंडाच सडतो.

डी-३०२ : टँकरचं पाणी चालेल का? आमच्या नळाला पांढरा थर बसतो.

सी-५०१ काकू : त्याने मुळांची टोकं करपतात. आत्ता पावसाचं भरून ठेवा, एवढ्याशा झाडाला कितीसं लागणार. खतही चिमूटभर, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं) लिटरला पाव ग्रॅम, तेही नवं पान किंवा मूळ फुटत असताना.

ए-२०३ : पुन्हा फुलेल ना? दांडा कापून टाकू?

सी-५०१ काकू : हिरवा असेल तर ठेवा, खालच्या डोळ्यातून कधी कधी नवी फांदी फुटते. वाळला की कापा. थंडीत रात्रीचा गारवा मिळाला की नवा दांडा येतो, म्हणून तेव्हा खिडकीपाशी ठेवा. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नको.

बी-७०१ : काकू, आम्ही शनिवारी आंबोलीला जातोय. तिथे झाडांवर अशाच छोट्या आमरी असतात ना? एखादी आणू?

सी-५०१ काकू : नको रे बाळा, अजिबात नको. सह्याद्रीतल्या बारक्या आमरी बघण्यासारख्या आहेतच. पोरपॅक्स म्हणून एक आहे. सालीला चिकटलेले बटणाएवढे चपटे कंद, उन्हाळ्यात मेल्यासारखे दिसतात आणि पावसाळ्यात पानं काढतात. पण घरच्या गॅलरीत तिला तो पाऊस, ती साल कुठून देणार? आणि आमरीचं बी धुळीएवढं, त्यात साठवलेलं अन्न नसतं. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं. एक झुबका काढला की तिथे दुसरा उभा राहायला वर्षं जातात.

डी-३०२ : आणि जंगलातून परवानगीशिवाय काढणं कायद्यात बसत नाही. शिवाय सगळं आमरी कुळ साइट्स, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात आहे.

बी-७०१ : फांदी मोडून रस्त्यात पडली असेल तर?

सी-५०१ काकू : तर तिथल्याच जवळच्या झाडाच्या बेचक्यात सुतळीने बांधून ये. घरी लावायला रोपवाटिकेत टिश्यू कल्चरची मिळतात, ती घे.

बी-७०१ : बरं, मग फोटोच काढतो.

सी-५०१ काकू : काढ. फूल समोरून आणि बाजूनेही घे, कंद-पानं दिसू देत, म्हणजे जात ओळखता येईल. ग्रुपवर टाकताना नेमकी जागा मात्र लिहू नकोस. असे फोटो फिरत फिरत कोणाकडे जातील सांगता येत नाही, आणि उपटून विकणारेही जागाच शोधत असतात.

बी-७०१ : लोकेशन बंद करून काढतो.