नमो मरिया (मरियामातेची प्रार्थना) अजून पाठ आहे? अनुभव सांगा

वाडीतली_पोर
काल पुण्यात आमच्याकडे लाइट गेली. मेणबत्ती पेटवली आणि तोंडातून आपोआप "नमो मरिये, कृपापूर्णे". शेवटची मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकून बारा वर्षं झालीत! नवरा म्हणाला, काय पुटपुटतेस? सांगता येईना.

वसईला ऑक्टोबरभर रोज संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. पन्नास नमो मरिया, गुडघ्यांवर. तिसऱ्या दशकाला, म्हणजे तिसऱ्या दहांना, मी पेंगायचे. लाल लुगड्यातली आजी डोळे मिटूनच चिमटा काढायची, तोही बरोबर माझ्याच दंडाला. श्रद्धा गेली म्हणते मी, पण एक ओळ विसरलेली नाही. तुमचं काय?

सुकेळीवाला
वसईत कुठे? आम्ही गिरीजकडचे.

फणसाचो_गरो
आमच्या गोव्यात खुरसाकडे (वाड्यातल्या क्रूसाजवळ) लदीन असते, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, लॅटिनमध्ये. अर्थ कोणालाच कळत नाही, पण "ओरा प्रो नोबिस" (आमच्यासाठी विनंती कर) सगळा वाडा ठोकून म्हणतो, व्हायोलिनसकट. मग उकडलेले चणे, मोठ्यांना थोडी फेणी. माझी भक्ती चण्यांवर होती, खोटं कशाला बोलू. बोललो तर परत कुमसार (पाद्रींपुढे पापांची कबुली) आलं.

सुकेळीवाला
कुमसारावरून आठवलं. मी आणि भाऊ रांगेत उभे राहून पापं वाटून घ्यायचो. तू खोटं बोलणं घे, मी कैऱ्या चोरणं. शिक्षा दोघांना सारखीच, दहा नमो मरिया. कैऱ्या त्यानेच जास्त खाल्लेल्या. आजही त्यावरून वाद होतो

निळी_छत्री
इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला गेलो होतो. जपमाळ आधीच जमा करून घेतात. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. बघतोय तर आत श्वास घेताना नमो मरिये, सोडताना हे पवित्र मरिये. आचार्यांना सांगितलं, ते हसले, परत श्वासाकडे या म्हणाले. आता रोज सकाळी अर्धा तास बसतो. रविवारी मिस्सेलाही जातो. बायको म्हणते एक काहीतरी धर.

तिसरा_सूर
मुलगा गेल्यापासून मी देवाशी बोलत नाही. क्वायरमध्ये मात्र गाते, आल्टोला (बायकांच्या खालच्या सुराला) दुसरं कोणी नाही. ईस्टरच्या रात्री काळोखात एकेक मेणबत्ती पेटत येते तेव्हा गळा भरून येतो, पण गाणं सोडता येत नाही. एवढंच. जास्त लिहवत नाही.

वाडीतली_पोर
ताई 🙏 काय बोलू.

फणसाचो_गरो
ताई, जवळ असतो तर येऊन बसलो असतो.

कर्दळ
मी हिंदू, शाळा कॉन्व्हेंट. घरी रामरक्षेला जोडून आवर फादर म्हणायचे. आजोबा म्हणाले, चाल लाव, बसतंय.
बरं, दोदोल (गोव्याकडची गुळाची मिठाई) कोणाला जमतो? माझा आटतच नाही.

फणसाचो_गरो
गूळ काळा घेतलास का? नारळाचं दूध किती? हात थांबवायचा नाही, मधे फोन तर अजिबात नाही.

कर्दळ
फोनवरच होते 😀

वाडीतली_पोर
@सुकेळीवाला पापडीजवळ. यंदा सुकेळी (वाळवलेली केळी) केलीत की नाही घरी?