गोव्यातल्या खाजनाचा (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या भातशेतीचा) बांध दुरुस्त झाला, पण काम फळलं की नाही हे गावकऱ्यांच्या गोष्टींवरून ठरवायचं का? टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांची ही चर्चा.

खाजनकाठ
बांधाचं काम संपलं की अहवालात तीन आकडे येतात: बांधाचे मीटर, रुपये, मानशीची (खाडीचं पाणी अडवणाऱ्या, बांधातल्या झडपेची) दारं. शेतात पीक उभं राहिलं का, हे त्यात कुठंच नसतं. माझं म्हणणं, एक पूर्ण खरीप जाऊ द्या आणि मग पंचवीस-तीस घरांतून एकेक गोष्ट घ्या. प्रश्न एकच: 'गेल्या पावसाळ्यापासून या खाजनात तुमच्या मते सगळ्यांत मोठा बदल कोणता?' 'बांधाचा फायदा झाला ना?' असं विचारलंत की उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. रिक डेव्हिस यांनी ही पद्धत १९९०च्या दशकात बांगलादेशात बसवली. तिच्यात गोष्टी जमवण्यापेक्षा निवडण्याला महत्त्व आहे. कुळं, मानशीवर मासे धरणारे आणि लावणीच्या बायका वेगवेगळ्या बसतात, प्रत्येक गट एक गोष्ट निवडतो आणि का निवडली ते लिहितो. खरा माल त्या 'का'मध्ये असतो.

मोजपट्टी
अहो, गावाची साक्ष घेऊन झालेली आहे, नळाच्या पाण्याच्या बाबतीत. ऑगस्ट २०२२मध्ये गोवा 'हर घर जल' (घरोघरी नळानं पाणी) प्रमाणित झालेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं, आणि त्या प्रमाणपत्राला ग्रामसभेचा ठराव लागतो. पण माणशी रोज ५५ लिटर हा निकष ठरावानं कसा मोजणार? त्याला बादली आणि घड्याळच लागतं. २० लिटरची बादली चार मिनिटांत भरत असेल, तर पाच माणसांच्या घराला नळ ५५ मिनिटं चालायला हवा. 'पाणी येतं हो' या गोष्टीत ही ५५ मिनिटं बसत नाहीत. बांधाचंही तेच. मातीच्या अर्काची क्षारता मीटरला ३ डेसिसायमनच्या वर गेली की साध्या भाताचं उत्पन्न घटू लागतं. ते मोजा आणि मोकळे व्हा.

सुकती-भरती
मोजाल, पण कारण कुठून काढणार? मानशीचं दार भरतीच्या दाबानं आपोआप मिटतं, सुकतीला म्हणजे ओहोटीला उघडतं. मासे धरण्याचा हक्क लिलावात जातो. घेणाऱ्याला कोळंबी हवी असते, म्हणून भरतीच्या वेळी दाराला पाचर मारून फट ठेवली जाते. शेतकरी म्हणतो 'नवं दार गळतं', आणि अभियंता लाकूड तपासून परत जातो. दोन्ही बाजूंच्या गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय पाचर दिसत नाही. क्षारता मोजायचा मीटर फक्त मीठ आलं एवढंच सांगणार.

मोजपट्टी
मीटर वेळही सांगतो. उधाणाच्या भरतीला आणि सुकतीला, दाराच्या आतल्या अंगाला वाचन घ्या. फरक लगेच कळतो. (हे पाण्याचं वाचन झालं, वरचा ३चा आकडा मातीचा. दोन्ही एकाच तक्त्यात घातले की सगळं मुसळ केरात.) आणि पंच शेजारी खुर्ची टाकून बसलेला असताना मानशीवाला पाचरीचं बोलेल?

खाजनकाठ
नाहीच बोलणार. म्हणून गोष्ट घरी घ्यायची, आणि ठेकेदाराचा माणूस किंवा पंच बरोबर न्यायचा नाही. त्याहून मोठी चूक लिहिणाऱ्याकडून होते. बाई कोंकणीत सांगते, 'उदक झरता'. मराठी टिपणात 'पाणी शिरतं' होतं, अहवालात 'बांध फुटला'. झरणं म्हणजे कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) बिळांतून पाणी येणं. तिथं बिळं खणून चिकण चिखल ठासून भरावा लागतो. बाहेरून चिऱ्यांची भिंत चढवली तरी झरायचं ते झरतंच. एका शब्दानं दुरुस्ती चुकते, म्हणून तोंडचं वाक्य तसंच्या तसं उतरवा. निवडलेल्या गोष्टींतल्या दोन-तीन बांधावर जाऊन पडताळा. न निवडलेल्याही ठेवा. पुढच्या वर्षी त्याच कामाला येतात.

मोजपट्टी
पडताळणी मान्य. टक्केवारी नाही. तीस गोष्टींपैकी अठरा गोड निघाल्या म्हणून '६० टक्के लाभार्थी समाधानी' असं छापणं ही शुद्ध फसवणूक. शिवाय 'पीक सुधारलं' म्हणणाऱ्यानं आधी कोरगूट हा भात पेरला होता आणि यंदा जया हा दुसरा वाण लावला असेल, तर श्रेय बांधाचं की बियाण्याचं? कोरगूट खारं पाणी सोसतो, जया तेवढं नाही. गोष्टीच्या वर वाण आणि शेताचं मानशीपासूनचं अंतर लिहिलेलं नसेल, तर मी ती वाचणार नाही.

सुकती-भरती
दोन्ही लिहू. मग पहिलं वाचन येत्या अमावास्येच्या रात्रीच्या भरतीला घ्या. दिवसा पाचर काढून ठेवतात.