बाळाला रात्री रडू देणं: झोपेची सवय की निव्वळ निर्दयपणा?

जागरणी

मुलगा साडेसात महिन्यांचा आहे. पाचव्या महिन्यापासून दर पन्नास-साठ मिनिटांनी उठायचा. उठला की अंगावर घ्यायचं, दोन मिनिटांत झोप, खाली ठेवलं की डोळे टक्क. भूक म्हणावी तर वजन उत्तम. डॉक्टरांनी कान, घसा, पोट सगळं तपासलं, काही नाही. अडीच महिन्यांत मी सलग दोन तास झोपलेली आठवत नाही. एका रात्री त्याला घेऊन सोफ्यावर बसले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा तो माझं कोपर आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत घसरला होता. त्याला काही झालं नाही. मी मात्र सकाळपर्यंत थरथरत होते.

त्यानंतर आम्ही ती मिनिटांची पद्धत धरली. झोपायच्या आधी पाजायचं, पण झोपेपर्यंत नाही. पेंगुळलेला पण जागा असताना खाली ठेवायचं. रडला तर तीन मिनिटांनी जाऊन थोपटायचं, बोलायचं, उचलायचं नाही. मग पाच मिनिटांनी, मग दहा. रिचर्ड फर्बर या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये हे मांडलं, आजही बहुतेक लोक त्यांचंच नाव घेतात. पहिल्या रात्री ४७ मिनिटं रडला, दुसऱ्या रात्री ३२, तिसऱ्या रात्री १८. चौथ्या रात्री पहाटे एकदा दूध, बाकी शांतता.

नणंदेला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे रडवून रडवून गप्प केलंस." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

माझं मत स्पष्ट आहे. तीन रात्रींचं रडणं हे माझ्या पेंगेत त्याचा जीव धोक्यात घालण्यापेक्षा बरं. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, पण कारणं द्या. टोमणे मला घरी मिळतात.

कुशीकर

टोमणा मारत नाही, पण गोड करूनही सांगत नाही. सात महिन्यांच्या बाळाकडे बोलवायला एकच साधन आहे, रडणं. ते त्याने ४७ मिनिटं वापरलं. चौथ्या रात्री वापरलं नाही. तुम्ही म्हणता तो झोपायला शिकला. मी म्हणते, हाक मारून उपयोग नाही हे शिकला. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

कारणं हवीत ना? २०१२ मध्ये वेंडी मिडलमिस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. न्यूझीलंडमध्ये झोपेच्या प्रशिक्षणासाठी दाखल झालेली २५ बाळं आणि त्यांच्या आया. तिसऱ्या रात्रीपर्यंत बाळांचं रडणं थांबलं, आयांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. बाळांचं मात्र चढलेलंच राहिलं. आईला वाटलं सगळं ठीक झालं, बाळाच्या आत ताण तसाच. मला तरी यापुढे फार काही ऐकायची गरज वाटली नाही.

आकडेमोड

गरज आहे, कारण हा अभ्यास जितका सांगतो त्याच्या चौपट लोक त्यातून काढतात. त्या २५ बाळांची घरी, नेहमीच्या रात्री, कॉर्टिसॉलची पातळी किती होती? मोजलेली नाही. तुलनेला दुसरा गट? नाही. म्हणजे 'चढलेलं राहिलं' हे कशाच्या तुलनेत? अनोळखी जागा, अनोळखी परिचारिका, आई दुसऱ्या खोलीत. त्या वयाचं कुठलंही बाळ तिथे अस्वस्थ होईल, रडू द्या वा देऊ नका.

उलट बाजूला दोन गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियात ग्रॅडिसार आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ४३ बाळांचे तीन गट केले: एकाला ही मिनिटांची पद्धत, दुसऱ्याला झोपायची वेळ थोडी थोडी उशिरा सरकवायची पद्धत, तिसऱ्याला नुसती माहिती. वर्षभराने आईशी असलेली जवळीक तपासली तर तिन्ही गटांत फरक नाही. त्याआधी, २०१२ मध्ये, मेलबर्नच्या मोठ्या अभ्यासाचा पाठपुरावा आला. सुरुवात ३२६ बाळांपासून, काहींच्या आईबापांना झोपवायच्या पद्धती शिकवल्या, काहींच्या नाही, आणि मुलं सहा वर्षांची झाल्यावर वागणूक, झोप, आईशी नातं हे सगळं पुन्हा पाहिलं. तोटाही दिसला नाही आणि (हे माझ्या बाजूच्या लोकांनीही ऐकावं) सहा वर्षांनी फायदाही शिल्लक नव्हता. पण त्याच मुलांच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पाहिलं होतं तेव्हा पद्धत शिकलेल्या आयांमधली नैराश्याची लक्षणं कमी होती. ज्या बाईला दोन तास सलग झोप नाही तिच्यासाठी हे किरकोळ नाही.

कुशीकर

४३ बाळांचे तीन गट म्हणजे गटात चौदा-पंधरा. माझ्या २५ वर हसलात आणि हे छातीठोक सांगता? मेलबर्नच्या अभ्यासातही आईबापांना पर्याय होता, मिनिटं मोजायची की बाळाजवळ बसून हळूहळू खुर्ची लांब न्यायची. म्हणजे निष्कर्ष नेमका कुठल्या पद्धतीचा, ते वेगळं काढता येत नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही गाळलीत. कॅनडात २०१५ मध्ये वेंडी हॉल यांच्या गटाने बाळांना घड्याळासारखं हालचाल मोजणारं यंत्र बांधून पाहिलं. आईबाप म्हणत होते, आता कमी वेळा उठतो. यंत्र म्हणत होतं, उठण्याच्या वेळांत पद्धत शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या गटांत फरक नाही. बाळ जागं होतच होतं. फक्त सांगत नव्हतं.

आकडेमोड

चौदा-पंधराचा मुद्दा मान्य. मेलबर्नचाही अर्धा मान्य.

पण यंत्राची गोष्ट माझ्या बाजूची आहे! रात्री जागं व्हायचं थांबतं असं कुणी जाणता म्हणतच नाही. बाळाचं झोपेचं एक चक्र साधारण पन्नास मिनिटांचं, त्यानंतर ते वरवर येतंच. (जागरणीताईंचे पन्नास-साठ मिनिटांचे आकडे बघा, चक्र संपलं की हजर.) मोठी माणसंही रात्री अनेकदा अर्धवट जागी होतात, कूस बदलतात, सकाळी आठवतही नाही. प्रश्न एवढाच आहे, वर आल्यावर पुन्हा खाली जायला दर वेळी दुसरं माणूस लागतं का. झोपताना तोंडात स्तन असेल तर जाग आल्यावर तो शोधणारच. तुम्ही पलंगावर झोपून बैठकीच्या खोलीत जागे झालात तर ओरडणार नाही का?

तीन लेकरांची माय

काय गं तुम्ही यंत्रं आणि लाळ मोजत बसलाय. मी तिन्ही मुलं कुशीत घेऊन झोपवली. रडायच्या आधी, नुसतं चुळबुळलं की घेतलं. कोणी लाडावलं नाही, कोणी बिघडलं नाही. तिघंही आता मी हाक मारली तरी उठत नाहीत.

जागरणी, तुझ्यावर राग नाही बाळा. पण तीन मिनिटं, पाच मिनिटं हे मला घरच्या कुकरसारखं वाटतं. माझ्या हातांना ते जमलंच नसतं.

पाठीवर निजवा

'कुशीत घेऊन' या शब्दांवर जरा थांबावं लागेल, कारण त्यात दोन-तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र येतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२२ चा सल्ला असा: निदान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्या खोलीत असावं, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर, आसपास उशी-गोधडी काही नाही. पाठीवर किंवा कुशीवर निजवण्याचा सल्ला १९९२ मध्ये आला, १९९४ पासून तिथे मोठी मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्याने खाली आलं.

जेम्स मॅकेना हे मानववंशशास्त्रज्ञ याच्या विरुद्ध बाजूला आहेत. त्यांनी आई आणि बाळ शेजारी झोपलेले असताना प्रयोगशाळेत मोजमापं घेतली. त्यांचं म्हणणं, अंगावर पिणारं बाळ आणि दारू-सिगारेटपासून दूर असलेली आई एकमेकांच्या चाहुलीने हलकं झोपतात, त्या जोडीला सरसकट धोकादायक म्हणू नका. हा वाद मिटलेला नाही.

सोफ्याबद्दल मात्र वाद नाही. सोफा किंवा आरामखुर्चीवर बाळ घेऊन झोप लागणं हा सगळ्यात वाईट प्रकार, हे दोन्ही बाजू मान्य करतात. जागरणी पलंगावर पडून पाजत असत्या तर? कित्येक आया पलंगावर झोप लागेल या भीतीने उठून सोफ्यावर जातात आणि तिथेच झोपतात.

जागरणी

अगदी हेच. मी पलंग सोडून सोफ्यावर गेले ते काळजीपोटीच.

खोडरबर

जरा अवांतर. 'शास्त्र सांगतं' म्हणणाऱ्यांनी मागे वळून बघावं. ल्यूथर एमेट होल्ट नावाचे अमेरिकन डॉक्टर १८९४ मध्ये आयांना सांगत होते, लहान बाळ रडलं तर फुफ्फुसांना व्यायाम होतो. जॉन वॉटसन हे मानसशास्त्रज्ञ १९२८ मध्ये म्हणत होते, मुलांना मिठ्या मारू नका, मांडीवर घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा. दोघंही आपापल्या काळात मोठे. वीस वर्षांत वारा फिरला आणि आयांना सांगितलं गेलं, तुमच्या मनाचं ऐका. प्रत्येक पिढीतली आई आधीच्या पिढीच्या शास्त्राने गुन्हेगार ठरते. बापाला कुणी कधी सल्ल्याचं पुस्तक फेकून मारल्याचं ऐकिवात नाही.

जुळ्यांचा बाप

मला एक हात दिलाय का कुणी उसना? आमच्याकडे दोन आहेत. एकाला घेतलं की दुसरं रडणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. आमच्या घरी 'रडू द्यावं का' असा प्रश्न कधी आलाच नाही, 'आत्ता कोणाला रडू द्यायचं' एवढाच आला. एक गोष्ट कळली. दुसरीचं रडणं ऐकत पहिल्याला भरवताना, रडण्याचे प्रकार कानाला वेगळे यायला लागतात. 'ऊं ऊं' असं उतरत जाणारं कुरकुरणं असतं, ते स्वतः विझतं. आणि चढत जाणारा टाहो असतो, तो विझत नाही. कुरकुरण्यावर धावलो तर उलट झोप मोडायची. टाहोवर मिनिटं मोजत बसणं मला जमलं नसतं. त्यामुळे मी कुठल्याच गटात बसत नाही.

कुशीकर

जुळ्यांचे बाबा, तुमचं पटलं. थांबून ऐकणं आणि घड्याळ लावून न जाणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. माझा राग घड्याळावर आहे.

आणखी एक. सगळा खेळ 'रात्रभर झोपलं पाहिजे' या अपेक्षेवर उभा आहे. २०१८ मध्ये कॅनडातच ३८८ बाळांची पाहणी झाली. सहा महिन्यांची ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाची झाल्यावरही २८ टक्के नव्हती. त्यांच्या वाढीत काही उणं आढळलं नाही. म्हणजे ज्याला आपण बिघाड म्हणून दुरुस्त करायला निघतो ते दर तीन-चार बाळांमागे एकाचं साधं वागणं आहे.

आकडेमोड

सहा तास न झोपणारं बाळ आणि दर तासाला उठणारं बाळ एका पिशवीत टाकू नका. त्या ३८ टक्क्यांतली बरीच बाळं रात्री एकदा-दोनदा उठणारी असू शकतात. जागरणी सात-आठ वेळा उठत होत्या.

रातपाळी

सगळं वाचलं. सात-आठ वेळा उठत होत्या *त्या*. बाळाचे वडील कुठे होते?

जागरणी

हा प्रश्न मला अपेक्षित होता आणि आवडलेला नाही. तरी उत्तर देते.

तो शेजारीच होता. त्याला ऐकू येत नाही असं तो म्हणायचा आणि मला ते खरं वाटायचं. दूध माझ्याकडे, म्हणून उठायचं मी, हे आम्ही कधी बोलून ठरवलं नाही, ठरलेलंच होतं. गंमत म्हणजे रडू द्यायच्या पहिल्या रात्री त्यालाच सहन झालं नाही. वीस मिनिटांनी चपला घालून खाली निघून गेला. अडीच महिने जे ऐकू आलं नाही ते त्या रात्री बंद दारातून ऐकू आलं. मी एकटी बाहेर घड्याळ धरून बसले होते.

रातपाळी

मग मिनिटांच्या पद्धतीआधी एक पद्धत राहून गेली. बारा ते चार तो, नंतर तुम्ही. मी तीच केली. पहिल्या दोन रात्री पोराने माझ्या अंगाला दुधाचा वास नाही म्हणून आकांत केला, पण तो माझ्या खांद्यावर केला. रडला तोही, फक्त एकटा नाही. बायको दुसऱ्या खोलीत चार तास झोपली आणि सकाळी माणसात आली.

तीन लेकरांची माय

वा रे पठ्ठ्या.

आकडेमोड

चांगलं आहे, पण ज्या घरात दुसरं माणूसच नाही, किंवा असून पहाटे पाचला कामावर निघतं, तिथे काय? तिथल्या आईला 'आधी नवरा बदला' म्हणून सांगायचं का?

कुशीकर

तिथे मी गप्प बसेन, हे कबूल. एकटी आई, झोप नाही, हात सुटायची वेळ आली आहे, तर बाळ सुरक्षित जागी ठेवून दार लोटून दहा मिनिटं बाहेर बसणं हेच बरोबर. बाळाला गदागदा हलवण्यापेक्षा हजार पटीने बरोबर. पण ते संकटातलं झालं. जागरणीताई, तुम्हाला एकच विचारते. चौथ्या रात्री शांतता होती म्हणालात. तो झोपला होता, की जागा होता? तुम्हाला माहीत आहे का?

जागरणी

माहीत आहे. कॅमेरा लावला होता, दुसऱ्या दिवशी पाहिला. मध्यरात्रीनंतर एकदा डोळे उघडे होते. पाठीवर पडून मूठ चोखत छताकडे बघत होता. एकदा दाराकडे मान वळवली. अकरा मिनिटं. मग झोपला.

कुशीकर

दाराकडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं.

आकडेमोड

अकरा मिनिटं स्वतःशी रमला आणि झोपला. मलाही एवढंच म्हणायचं होतं.

जुळ्यांचा बाप

सकाळी उठल्यावर काय केलं त्याने?

जागरणी

रोजचंच. माझं नाक पकडून ओढलं.