सूर्यडागांची जोडी तिरकी का दिसते?

प्रश्न
रविवारी गच्चीवर दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली आणि डागांच्या दोन जोड्या पेन्सिलीने रेखाटल्या. दोन्ही जोड्यांत परिवलनाच्या दिशेने पुढे असलेला डाग विषुववृत्ताच्या किंचित जवळ होता. हा योगायोग समजावा का? आणि डागांना कारणीभूत असलेले चुंबकीय क्षेत्र सूर्याच्या पोटातून वर येते तरी कसे?

प्रतिसाद १
योगायोग नाही. माउंट विल्सन वेधशाळेतील हेल आणि सहकाऱ्यांनी १९१९ मध्येच हा कल मांडला होता. तो त्या सहकाऱ्यांपैकी जॉय यांच्या नावाने ओळखला जातो. सूर्याचे विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत एक फेरी पूर्ण करते, ध्रुवांकडील भागाला मात्र ३० हून अधिक दिवस लागतात. सूर्याचा प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा तप्त वायू) उत्तम विद्युतवाहक असल्यामुळे चुंबकीय बलरेषा त्याच्याबरोबर ओढल्या जातात आणि उत्तर-दक्षिण रेषा हळूहळू सूर्याभोवती गुंडाळल्या जातात. या रेषांचा जुडगा म्हणजे जणू एक चुंबकीय नळी. अशा नळीत वायूच्या दाबाला चुंबकीय दाबाची जोड मिळते. दोहोंची बेरीज बाहेरच्या दाबाइतकीच राहायची असल्याने आतला वायू विरळ होतो आणि नळी तरंगत वर येते, हे पार्कर यांनी १९५५ मध्ये दाखवले. वर आलेल्या कमानीचे दोन पाय पृष्ठभागाला जिथे छेदतात, तिथे विरुद्ध ध्रुवतेचे डाग पडतात. येताना कोरिऑलिस बल (परिवलनामुळे हलत्या वस्तूला बाजूला वळवणारे) कमानीला पीळ देते, म्हणून जोडी तिरकी.

प्रतिसाद २
त्याच कोरिऑलिस बलाने एक पेचही उभा केला. अभिसरण पट्ट्याच्या (सूर्यातील बाहेरचा, वायू खालीवर फिरत राहणारा थर) तळाशी क्षेत्र दहा हजार गाउसच्या (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) आसपास असेल, तर नळी सरळ वर न येता परिवलन अक्षाला समांतर सरकते आणि ध्रुवांकडे उगवते. डाग तर ४० अंश अक्षांशांपलीकडे क्वचितच दिसतात. डिसिल्व्हा आणि चौधुरी यांनी १९९३ मध्ये दाखवले की तळाशी सुमारे एक लाख गाउस धरले, तर अक्षांश आणि कल दोन्ही जुळतात. डागात आपण मोजतो ते जेमतेम तीन हजार गाउस! क्षेत्राचा उगम तळाशीच आहे, हे मात्र सर्वांना मान्य नाही.

प्रतिसाद ३
रेखाटनाबद्दल एक शंका आहे. पूर्व-पश्चिम रेषा प्रतिमेच्या सरकण्यावरून आखली असेल, तर ती आकाशाची, सूर्याची नव्हे. सूर्याचा अक्ष आकाशाच्या उत्तरेपासून वर्षभरात २६ अंशांपर्यंत इकडेतिकडे कललेला दिसतो, आणि जोडीचा कल सरासरी जेमतेम काही अंशांचा असतो. शिवाय एकेका जोडीत तो बराच कमीजास्त, प्रसंगी उलटाही असतो.

प्रश्नकर्ता
अक्षाचा कोन मी धरलाच नव्हता. त्या तारखेचा कोन खगोलीय पंचांगातून काढून रेषा पुन्हा आखतो, मगच पुढचे विचारेन.